राजवाड्यातली चूल कुठाय?

पौराणिक नाटक असो, मालिका असो की कल्पित राज्याचा सिनेमा असो, चूक दाखवली की उत्तर ठरलेलं असतं : ‘अहो, हे काल्पनिक आहे.’ म्हणजे गप बसा. पण मित्रांनो, कल्पनेतली माणसंही जेवतात, नेसतात, पाणी पितात. मग ते अन्न कोनं पिकवलं, सूत कोनं कातलं, पाणी कोनं वर ओढलं, हे आपण काहून विचारू नये?

आधी ताट बघू. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा दरबार आणि पंगतीत हिरवी मिरची, बटाट्याची भाजी, वर टमाट्याच्या फोडी. मिरची, बटाटा, टमाटा, मका, भुईमूग ही सगळी पिकं अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, पोर्तुगीज जहाजांचा राबता सुरू झाला आणि त्यानंतरच ती एकेक करून इकडं आली. तोवर तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं, मोहरी. आपली ज्वारीची भाकर जुनी, तिच्यावरचा ठेचा नवा.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, मग बटाटा, शेंगदाणा, मिरची. चारही समुद्रापलीकडचे! ज्या फराळाला सोवळं लागतं, त्याचं वय पाचशे वर्षंही नाही. नाटकवाले हीच मिरची ऋषीच्या आश्रमात वाढतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं असंच अनादी काळापासून चालत आलंय. ताट अनादी ठरलं की पंगत अनादी ठरते. पंगत अनादी ठरली की पंगतीबाहेर बसवलेला माणूसही अनादी ठरतो. चुकीच्या मिरचीचं नुकसान हे आहे.

आता सूत बघू. मी सूतगिरणीत रिंग खात्यात असतो, माझी नजर आधी तिकडंच जाते. पौराणिक नाटकातली आश्रमकन्या चरखा फिरवताना दिसते. भारतात चरख्याचा स्पष्ट जुना उल्लेख मिळतो तो इसामीच्या १३५० सालच्या फारसी काव्यात, दख्खनमध्ये बहमनी दरबारात लिहिलेल्या. तिथंही रझिया सुलतानावर राग काढताना तो म्हणतो की बाईनं तख्तापेक्षा चरख्यापाशी बसावं. त्याआधी सूत निघे टकळीवर. चरखा टकळीच्या कितीतरी पट सूत देतो. म्हणजे टकळीच्या काळातली राणी दर प्रवेशाला नवं वस्त्र नेसून येते, तेव्हा मागं किती बायांची बोटं झिजली असतील? रंगमंचावर त्यातली एकही बाई दिसत नाही.

लांब जायला नको. आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची पुष्कळ लेणी झाली. उद्या कोणी वत्सगुल्मावर भव्य नाटक काढील, सोन्याचं सिंहासन मांडील. त्यानं आधी ताम्रपट वाचावेत. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशिमलाच मिळाला. वाकाटकांच्या दानपत्रांत ब्राह्मणांना दिलेल्या गावाच्या सवलती एकेक करून लिहिलेल्या असतात : राजाच्या माणसांना दूध द्यायचं नाही, फुलं द्यायची नाहीत, बैल नाहीत, कातडं नाही, कोळसा नाही, विष्टी नाही. विष्टी म्हणजे वेठ. माफी दान दिलेल्या गावाला होती. म्हणजे माफी नसलेली गावं हे सगळं देत होती. राजवाड्याची चूल कोणाच्या कोळशावर पेटली, सरदार कोणाच्या कातड्यावर बसला, हे शोधायला कल्पनाशक्ती लागतच नाही. तांब्यावर कोरलेलं आहे, बाप्पा!

‘बाहुबली’ (२०१५) बघा. माहिष्मतीत सोन्याचा भला मोठा पुतळा उभा करताना दोरखंड ओढणारे मजूर दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या गुलाम असलेला कटप्पा दिसतो. त्याची निष्ठा आपल्याला भरपूर दाखवली, पण मजुरांच्या चुलीवर त्या रात्री काय शिजलं ते नाही. पुतळ्याची उंची मोजणाऱ्यांनी भाकरी मोजल्या नाहीत.

उलट ‘तुंबाड’ (२०१८) बघा. राही अनिल बर्वेंचा हस्तर पूर्ण कल्पित आहे. पण त्याच्याजवळ सोनं आहे आणि धान्य नाही. म्हणून तो पिठाच्या बाहुलीवर झडप घालतो. त्या जगात पिठाला किंमत आहे, ते मोजूनमापून न्यावं लागतं, संपलं तर माणूस मरतो. म्हणून राक्षस खोटा असूनही त्याची भूक खरी वाटते. कल्पनेला आमचा विरोध नाही. भूक विसरलेल्या कल्पनेला आहे.

मग आपण काय करायचं? नुसत्या चुका काढून थांबायचं नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजलं, कसं शिजलं, मांसाच्या चान्या वाळवून कशा ठेवल्या, सगळं त्यात आहे. तसंच आपल्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. कोणतं धान्य मजुरीत मिळे, मोटेचं कातडं कोण कमवे, दुष्काळात काय उकडून खाल्लं. ही वही हाती असली म्हणजे वत्सगुल्माचं नाटक आपल्यालाही लिहिता येईल. त्यात राक्षस घाला, उडता रथ घाला, काय पाहिजे ते घाला. फक्त पहिल्या प्रवेशात राजाच्या अगोदर कोळशाची पाटी घेतलेली बाई येऊ द्या, आणि ती काय खाऊन आली हे तिलाच सांगू द्या.