‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : संगणकाच्या वर्णमालेविषयी काही विचार

संगणकासंबंधीची एखादी वार्ता मराठी वृत्तपत्रांत आली म्हणजे तिचे स्वागत करण्याची एक ठराविक रीत आपल्याकडे पडून गेली आहे. ‘मराठी आता यंत्रावर आली’ असे एक वाक्य लिहिले जाते, त्यामागोमाग अभिमानाची दोन वाक्ये येतात आणि विषय संपतो. युनिकोडच्या वेळी हे झाले; आता भाषा शिकणाऱ्या यंत्रांच्या निमित्ताने तेच पुन्हा होत आहे. जी वार्ता वस्तुतः वर्णविचाराची, म्हणजे आपल्याच अभ्यासविषयाची असते, ती आपण उद्योगव्यवसायाच्या पानावर सोडून देतो. मराठीच्या अभ्यासकांची ही उदासीनता किती महाग पडली आहे हे दाखविण्यास एकच अक्षर पुरेसे आहे.

ते अक्षर म्हणजे ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील दऱ्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस. पहिल्या उच्चारात आघात नाही, दुसऱ्यात तो आहे; आणि हा भेद दाखविण्यासाठी मराठी लेखनाने र-ची दोन रूपे फार पूर्वीपासून पाळली आहेत. रफार हे देवनागरीतील सर्व भाषांचे समाईक धन आहे. हा दुसरा र मात्र प्रामुख्याने मराठीचा, आणि नेपाळातील नेवारीचा. हिंदीला त्याची गरज नाही. म्हणूनच सर्वांसाठी केलेल्या संकेतावलीत मराठीला कोणती वागणूक मिळाली हे पाहावयाचे तर या अक्षराकडे पाहावे.

या प्रश्नाचा एक धागा आपल्या विद्यापीठांपासून फार दूर नसलेल्या एका जागेशी, जुहूच्या गुलमोहर मार्गावरील संस्थेशी, येऊन मिळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकविभागातून वेगळे होऊन १९८५ मध्ये ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ हे केंद्र उभे राहिले व जुहू येथे स्थिरावले. श्रीनिवासन रमणी हे त्याचे संचालक होते. शिक्षण व संशोधनसंस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे १९८६ मध्ये सुरू झाले, त्यात पवईची आय. आय. टी. आणि हे केंद्र यांच्यामध्ये दूरध्वनीच्या तारेवरून पत्रव्यवहार होऊ लागला, आणि दशक संपता संपता जुहूहून तो अमेरिकेशी जोडला गेला. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी जुहूच्या चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर ही सर्व व्यवस्था चालू होती. २००२ च्या अखेरीस हे केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन करण्यात आले. चित्रपटतारकांच्या बंगल्यांवरून जुहूची ओळख सांगणाऱ्यांच्या हे क्वचितच ध्यानी येते.

याच केंद्रात र. कृ. जोशी यांनी आयुष्याचा उत्तरकाळ घालविला. १९३६ मध्ये जन्मलेले जोशी जाहिरातव्यवसायातून पुढे आलेले अक्षरकार, कवी आणि पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील प्राध्यापक. २००८ मध्ये ते निवर्तले. विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टाइप त्यांचा. ‘रघु’ हा दुसरा टाइप जुहूच्या केंद्राने मुक्त परवान्याखाली दिला. कोणीही तो वापरावा, बदलावा, वाटावा. एकाच हाताने एक अक्षरसंच एका बलाढ्य परदेशी कंपनीला आणि दुसरा लोकांना द्यावा यात मला विसंगती दिसत नाही. खेद वाटतो तो या गोष्टीचा, की कोट्यवधी माणसे ज्याचे अक्षर रोज वाचतात त्या कलावंताची मराठी समीक्षेने घ्यावी तशी दखल घेतली नाही. एखाद्या दुय्यम कादंबरीकारावर आपल्याकडे प्रबंध सादर होतात. ‘मंगल’च्या वळणावर झालेला प्रबंध माझ्या पाहण्यात नाही.

परंतु अक्षरकाराच्या हाती सर्व काही नसते. अक्षर दिसावे कसे हे तो ठरवितो. अक्षर म्हणजे काय, कोणत्या चिन्हाला स्वतंत्र अक्षराचा मान द्यावयाचा, हे संकेतावली ठरविते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही समाईक संकेतावली सिद्ध झाली. तिचे १९९१ मध्ये भारतीय मानक झाले आणि तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच युनिकोडने देवनागरीचा आपला तक्ता घेतला. या कामाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांचा वर्णक्रम मुळात एक आहे ही जाणीव तिच्या मुळाशी आहे, आणि त्या जाणिवेतूनच एका लिपीतील मजकूर दुसरीत सहज उतरविता येऊ लागला. पाणिनीय परंपरेला साजेशीच ही गोष्ट होती.

आता मराठीच्या र-कडे वळू. युनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’ हे एक वेगळे अक्षर आहे. त्यापुढील टीप सांगते की ते द्राविडी भाषांतील वर्त्स्य र-च्या लिप्यंतरासाठी आहे. त्याच्या अर्ध्या रूपाने मराठीतील हा र दाखवावा असे त्यानंतर येते. शिवाय या अक्षराची फोड ‘र’ अधिक ‘नुक्ता’ अशी दिली आहे. म्हणजे ज्ञानदेवांच्या भाषेतील एक नित्याचा उच्चार संगणकाच्या दृष्टीने तमिळ वर्णासाठी राखलेल्या, फार्सी पद्धतीचा ठिपका दिलेल्या अक्षराचा अर्धा भाग ठरला! व्यवहारात अडत नाही हे खरे. कागदावर आकृती बरोबर उमटते. पण वर्णविचार म्हणून पाहिले तर ही भाडेकरूची जागा आहे, मालकीची नव्हे.

प्रकरण येथेच थांबत नाही. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच र वेगळ्या रीतीने सांगितला होता : साधा र, त्यापुढे हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे ‘ऱ’-ची रीत मान्य झाली, तरी जुन्या लेखनाशी सुसंगती राहावी म्हणून पहिलीही कायम ठेवण्यात आली. परिणामी आज ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि संगणक त्यांना समतुल्य मानीत नाही. एकाने लिहिलेला ‘वाऱ्यावर’ दुसऱ्याने साध्या रीतीने शोधला असता सापडेलच असे नाही. मुद्रितशोधकाला ही चूक दिसू शकत नाही, कारण कागदावर ती चूक नाहीच. पोथ्यांच्या पाठभेदांवर आयुष्य वेचणाऱ्यांनाही हा पाठभेद नवा आहे, कारण येथे भेद आहे आणि तो दिसत मात्र नाही.

‘ॲ’-ची कथा याहून साधी, पण बोधप्रद. इंग्रजीतून आलेल्या शब्दांमुळे हे अक्षर मराठीत केव्हाच रूढ झाले होते. हिंदीने त्यासाठी ‘ऍ’ घेतला आणि तक्त्यात तोच आरंभापासून होता. मराठीच्या ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये, पाच पूर्णांक एक या आवृत्तीत. तोवर लोक अ-वर अर्धचंद्र चढवून काम भागवीत होते, आणि पुष्कळजण अजूनही भागवितात. हेही दोन लेख यंत्राला भिन्नच. लेखकसूचीत किंवा शब्दकोशात एकाच शब्दाच्या दोन नोंदी दोन ठिकाणी जाऊन बसतात त्या यामुळे.

येथे कोणी म्हणेल की हे सर्व तंत्रज्ञांचे क्षेत्र आहे. भाषेच्या प्राध्यापकांनी त्यात का पडावे? याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. लिपिसुधारणेचा प्रश्न मराठीत कधीही तंत्रज्ञांवर सोडला गेला नव्हता. केसरीच्या खिळ्यांची संख्या कमी कशी करावी याची चिंता टिळकांनी वाहिली. सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचविली तेव्हा तिच्या बाजूने व विरुद्ध लिहिले गेले, काहींनी ती प्रत्यक्ष वापरली. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरविले. लोकांनी ती मानली नाही आणि ती मागे पडली. सुधारणा योग्य होती की अयोग्य हा प्रश्न वेगळा. ती वादाच्या उजेडात मांडली गेली आणि चुकली तर परत घेता आली, हे महत्त्वाचे. युनिकोडमध्ये परत घेणे नाही. एकदा दिलेला संकेतांक काढला जात नाही, अक्षराचे ठेवलेले नाव बदलले जात नाही, आणि मान्य झालेली फोडही फिरविली जात नाही. जगभरचा साठवलेला मजकूर बिघडू नये म्हणून हा नियम आहे व तो रास्तही आहे. पण ज्या निर्णयाला पुनर्विचार नाही तो घेतला जात असताना मराठीचे अभ्यासक त्या खोलीत असावयास हवे होते. १९८८ ते १९९१ या काळातील आपल्या वाङ्मयीन वादांमध्ये या विषयाचा मागमूस मला आढळत नाही.

महाराष्ट्र शासन जागे झाले ते पुढे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचा आग्रह आहे, आणि तो योग्य आहे. परंतु संकेतावलीला वळण कळत नाही; तिच्या लेखी मराठी ‘ल’ व हिंदी ‘ल’ एकच. वळण टाइपात असते, आणि टाइपाला मजकूर मराठी आहे हे कोणीतरी सांगितले तरच तो मराठी रूप पुढे करतो. सांगितले नाही तर यंत्राचे नेहमीचे रूप उमटते, आणि ते बहुधा हिंदीचे असते. स्वतः ‘मंगल’मध्येही प्रथमदर्शनी उमटतात ते ‘ल’ आणि ‘श’ उत्तरेकडच्याच वळणाचे. त्यामुळे मराठी वळणाचा आदेश देणारे पत्रकच उत्तरेकडच्या ‘ल’मध्ये छापून येण्याची सोय झाली आहे. निर्णय करणाऱ्यांनी टाइप करणाऱ्या कंपन्यांशी किती बोलणी केली असतील, याविषयी शंका घ्यावयास जागा आहे.

युनिकोडपूर्वीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या काळी अक्षरजुळणीच्या व्यवसायात प्रत्येक कंपनीचा टाइप स्वतःच्या गुप्त संकेतांवर चाले. ‘श्रीलिपी’त जुळविलेला मजकूर ‘आकृती’त उघडला तर चिन्हांचा खच पडे. ज्या काळात मराठी मुद्रण खिळ्यांवरून संगणकावर आले त्याच काळातील पुस्तके, अंक आणि प्रबंध अशा रीतीने कुलुपबंद झाले; आणि किल्ल्या कंपन्यांकडे. व्यापार म्हणून हे समजू शकते. विद्यापीठांनी मात्र आपले प्रबंध या कुलुपांत ठेवताना काहीही विचारले नाही, याचे समर्थन करता येणार नाही.

आणि आता भाषायंत्रे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय योजनेसाठी दहा हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली होती. दोन्ही वार्तांचे स्वागत वर सांगितलेल्या रीतीनेच झाले. ही यंत्रे भाषा शिकतात ती साठविलेल्या मजकुरावरून, आणि तो मजकूर संकेतांचा बनलेला असतो. रोमन लिपीतील एक साधे अक्षर साठविण्यास एक बाइट लागतो. प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. ‘दऱ्या’ हा दोन अक्षरांचा शब्द अशा पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटांचा होतो. आणि जुन्या रीतीने लिहिला तर अदृश्य जोडचिन्हासह अठरांचा. यंत्र शब्दाचे जे तुकडे पाडते ते या दोन रूपांचे वेगवेगळे पडतात. ज्या भाषेत मजकूर मुळातच थोडा, तिचा एकेक शब्द असा दोन वाटांनी विभागला जावा ही हानी लहान नव्हे. ती भरून काढण्याचा मार्ग अवघड आहे असेही नाही : छापील मजकूर संगणकात साठविताना एकच रीत ठरविणे आणि जुना मजकूर तिला अनुसरून शुद्ध करणे. हे काम पाठचिकित्सेचे आहे आणि त्याची विद्या आपल्या विभागांत आहे. कंपन्या ते आपल्या सोयीने करतील, किंबहुना करीत आहेत. दोन रूपांतील कोणते टिकवावयाचे हेही मग त्याच ठरवतील.

शासकीय ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर जेथे र आहे त्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी बहुतेकजण रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणारी साधने वापरतात, आणि ‘दऱ्या’ लिहिताना त्या साधनाने कोणता र घातला हे त्यांना कधी विचारावेसे वाटलेले नाही. त्यांना ते शिकविलेही गेलेले नाही. येत्या सत्रात मुद्रितशोधनाच्या तासाला पहिला शब्द म्हणून मी ‘दऱ्या’ घेणार आहे.