तेरचे त्रिविक्रम मंदिर आणि बौद्ध वारसा : एक पुनर्विचार

सोलापूरलगतच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आज संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून सर्वपरिचित आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात उल्लेखिलेले ‘तगर’ नगर ते हेच, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादन केले. पैठणपासून दहा दिवसांच्या अंतरावरील या नगरातून भडोच बंदराकडे कापड जात असे. अशा व्यापारी नगरात बौद्ध धर्माला आश्रय मिळणे स्वाभाविक होते. प्रश्न आहे तो पुराव्याच्या स्वरूपाचा.

येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, हे मत हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेला तलविन्यास आणि वरचे गजपृष्ठाकार छत हा त्यांचा मुख्य आधार होय. कार्ले, भाजे येथील लेण्यांशी असलेले साम्य पाहता हे अनुमान निश्चितच विचारार्ह आहे. तथापि, पुढील लेखनात ते अनेकदा सिद्ध वस्तुस्थिती म्हणून स्वीकारले गेले, ही बाब चिकित्सेस पात्र ठरते.

कारण हा आकार केवळ बौद्धांचा नव्हे. बेसनगर येथे वासुदेवाच्या प्राचीन मंदिराचा पाया लंबवर्तुळाकार आढळला. ऐहोळेचे दुर्ग मंदिरही मागील बाजूस अर्धवर्तुळाकारच आहे. म्हणजेच आकारावरून स्थापत्यपरंपरा कळते, उपासकांचा धर्म कळतोच असे नाही. शिवाय ‘रूपांतर’ म्हटले की एका धर्मस्थळाचा दुसऱ्याने ताबा घेतल्याचा अर्थ त्यातून निघतो. इतके गंभीर विधान केवळ छताच्या आकारावर उभे करता येणार नाही.

याउलट, १९६० च्या दशकातील उत्खननात तेर येथे सातवाहनकालीन विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. तेरच्या बौद्ध वारशाचा भक्कम आधार हा आहे. मात्र उभे मंदिर नजरेत भरते आणि जमिनीतील पाया दुर्लक्षित राहतो.

म्हणून विद्यार्थ्यांची अभ्याससहल तेरला नेताना मंदिर, उत्खननाची जागा आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय ही तिन्ही स्थळे दाखवावीत, आणि प्रत्येक ठिकाणी उपलब्धी कोणती व अनुमान कोणते, हे स्पष्ट करावे. त्यामुळे तेरच्या बौद्ध वारशाचे महत्त्व कमी होणार नाही. उलट ते अधिक विश्वसनीय ठरेल.