वाजवणारा हात कोणाचा? : गुलाम वादकाची कथा आणि आपण प्रेक्षक

कलावंताचे स्वातंत्र्य या विषयावर आपण पुष्कळ बोलतो. आज जरा उलट बाजूने जाऊ. ज्याचा स्वतःच्या शरीरावरही हक्क नाही असा माणूस कलावंत असेल, आणि त्याच्या आयुष्यावरचे नाटक गावोगाव फिरत असेल, तर आपण त्याची पारख कशी करायची?

माणूस खरा आहे. जोसेफ एमिडी. जन्म साधारण १७७५ चा, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्यावरचा. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्यांना लहानपणीच ब्राझीलला आणि मग लिस्बनला नेले. मालकाने व्हायोलिन दिले, शिक्षक लावला. एमिडी लिस्बनच्या ऑपेऱ्यात वाजवू लागले. १७९५ मध्ये 'इन्डिफॅटिगेबल' या इंग्रज युद्धनौकेचा कप्तान एडवर्ड पेल्यू याने त्यांना ऐकले, आणि त्याच्या माणसांनी त्यांना व्हायोलिनसकट उचलून जहाजावर नेले. काम काय, तर खलाशी नाचतील तेव्हा वाजवायचे. १७९९ मध्ये फालमथ बंदरात सुटका झाली. पुढे कॉर्नवॉलमध्ये त्यांनी शिकवण्या केल्या, मैफली केल्या, रचना केल्या, संसार केला. १८३५ मध्ये ट्रुरो इथे ते वारले. त्या मुलखात त्यांच्यावर नाट्यप्रयोगही झाले आहेत.

अशा नाटकापुढचा पहिला मोह म्हणजे 'गुणांचे चीज झाले' ही गोष्ट सांगणे. प्रेक्षकाला ती आवडते. पण हिशेब मांडून बघा. एमिडी दुसऱ्यांदा पकडले गेले ते गुण होता म्हणूनच! आणि गुणामुळे माणूस सुटतो असे म्हटले, तर ज्याला सूर लागत नव्हता तो गुलाम साखळीतच राहणे योग्य होते, असे आपण नकळत कबूल करतो. ही खोड आपलीही आहे. भातवडीच्या लढाईनंतर आपला सोलापूरचा किल्ला घेणारा मलिक अंबर हा विकला गेलेला हबशी गुलाम. आपण त्याची जमीनमहसुलाची पद्धत आठवतो, खडकीची नहर आठवतो. विक्रीचा उल्लेख एका वाक्यात उरकतो. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्यांना तर तेवढेही वाक्य नाही.

दुसरा मोह म्हणजे दयाळू मालक. 'त्याने शिकवले म्हणून तर हा वादक झाला ना?' असे कोणी म्हणेल. इथे अ‍ॅरिस्टॉटल आठवावा. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात तो म्हणतो की धोटा आपणहून विणू लागला आणि नखी आपणहून तंतुवाद्य छेडू लागली, तर धन्याला गुलाम लागणार नाहीत. धोटा म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको. गुलाम म्हणजे जिवंत हत्यार, हा त्यामागचा विचार. आता मालकाने दिलेले व्हायोलिन बघा. हत्याराला धार लावणे याला आपण दया म्हणत नाही. नाटकाने हा प्रसंग गोड पार्श्वसंगीतावर दाखवला, तर ते मालकाच्या बाजूचे नाटक झाले.

तिसरी गोष्ट थेट आपल्याशी संबंधित आहे. 'कट्यार काळजात घुसली' हे दारव्हेकरांचे १९६७ चे नाटक आपल्या परिचयाचे. गायकी कोणाच्या मालकीची, असा प्रश्न ते विचारते. पण गळा ज्याचा त्याचाच आहे, हे तिथे गृहीत आहे. तिथे आपण 'वन्स मोअर' देतो आणि नाटक थांबून पद पुन्हा होते. ती दाद आहे. एमिडींच्या कथेत हात कोणाचा, हाच प्रश्न. जहाजावरच्या नाचाच्या प्रसंगी प्रेक्षागृहात टाळ्यांचा ठेका धरला गेला, तर आपण कुठे बसलो आहोत? खलाशांच्या जागी. 'पुन्हा वाजव' हे त्यांचेही म्हणणे होते, फक्त तो हुकूम होता. चांगल्या नाटकाने ती टाळी आपल्या हातातच अडकवली पाहिजे.

मग आनंदच घ्यायचा नाही का? घ्यायचा. पण कुठे, ते नीट पाहू. फालमथनंतर एमिडींनी ज्या रचना केल्या त्या करायला कोणी सांगितले नव्हते. त्यांचा शिष्य जेम्स सिल्क बकिंगहॅम याने त्या लंडनला सालोमन या नामवंत वादकाला दाखवल्या. हाच बकिंगहॅम पुढे 'कलकत्ता जर्नल'चा संपादक झाला आणि १८२३ मध्ये कंपनी सरकारने त्याला हद्दपार केले. लंडनमध्ये खाजगी वादन झाले, पसंती मिळाली. पण जाहीर मैफलीला वादकाचा रंग आड येईल असे ठरले आणि वर्गणी गोळा करून पाठवली गेली. नाटकाचा खरा कळस इथे आहे. गुण सिद्ध झाला, तरी दार उघडले नाही.

या कथेचा मोठा भाग आपल्याला बकिंगहॅमच्याच आत्मचरित्रातून कळतो. एमिडींच्या रचना आज उपलब्ध नाहीत. रंगमंचावर जे वाजेल ते दुसऱ्या कोणाचे असेल. नाटकाने ही पोकळी लपवू नये, ऐकू येऊ द्यावी.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. ते गुलाम किती गुणी होते, हा मुद्दाच तिथे नव्हता. ते माणसे होती, एवढे पुरे होते. एमिडींवरचे नाटक पाहून बाहेर पडताना 'काय वाजवायचा!' एवढेच आपल्या तोंडी आले, तर ते नाटक कितीही रंगलेले असो, फसले असे आपण म्हणू.

इथे थांबू. प्रश्न असतील ते जरूर विचारा.