‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे कोणी?

राजकारणाची आणि वृत्तमाध्यमांची टवाळी करणारे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लोकप्रिय होतात, तेव्हा त्यांची समीक्षा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. हसू आले म्हणजे कार्यक्रम साधला, असे आपण समजतो. परंतु विडंबन ही करमणुकीइतकीच न्यायनिवाड्याची कला आहे. विडंबनकार कोणाला तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत असतो. तेव्हा हा निवाडा कोणाच्या वतीने चालला आहे आणि निवाडा करणाऱ्याला उलट विचारण्याची सोय आहे की नाही, हे पाहणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

मराठीतील पहिली खाजगी मनोरंजन वाहिनी म्हणून अल्फा मराठी १९९९ साली सुरू झाली आणि पुढे ती झी मराठी या नावाने ओळखली जाऊ लागली. या वाहिनीवरील ‘घडलंय बिघडलंय’ हा कार्यक्रम चालू घडामोडींवर हसतखेळत टीका करणारा म्हणून घरोघर पोचला. त्यातील दिगंबर नाईक यांचे मालवणी गाऱ्हाणे सिंधुदुर्गातील प्रेक्षकाला विशेष जवळचे वाटले. देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने घालायचे गाऱ्हाणे त्यांनी राजकारणाच्या दारात नेले. त्या सुरात पुढाऱ्यांच्या करामती ऐकताना प्रेक्षक पोट धरून हसला.

या कार्यक्रमाचे एक श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. मराठी नाटक-सिनेमांत मालवणी बोलणारा माणूस बहुधा घरगडी किंवा भाबडा गावकरी असे. त्याच्या बोलण्याला लोक हसत. त्याच्या म्हणण्याला वजन नसे. येथे तीच बोली सत्ताधाऱ्यांना जाब विचारू लागली. बोलीला हास्याचा विषय न ठेवता तिला हास्याचे शस्त्र करणे, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र गाऱ्हाण्याचा घाट बारकाईने पाहिला, तर पडद्यावर येताना त्यातले काहीतरी गळून पडले, असे ध्यानात येते. गावातील गाऱ्हाणे ही दोन पक्षांची रचना आहे. मानकरी एकेक मागणे मांडतो आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार देतो. हा रुकार म्हणजे टाळी नव्हे. त्यात ‘हे आमचे म्हणणे आहे आणि त्याची जबाबदारी आम्ही घेतो’ अशी कबुली असते. शिवाय गाऱ्हाण्यात केवळ दुसऱ्यांविरुद्धच्या तक्रारी नसतात. मुंबईला चाकरीसाठी गेलेल्यांची राखण कर, या मागणीबरोबरच आमच्या हातून काही चुकले असेल तर पदरात घे, ही विनवणीही असते. दूरचित्रवाणीने सूर घेतला, लय घेतली, ठेकाही घेतला. पण रुकार देणारा गाव नाटकशाळेतल्या हशापुरता उरला आणि स्वतःच्या चुकीचे कलम तर वगळलेच गेले. उरली ती पुढाऱ्यांच्या चुकांची यादी. ती ऐकून प्रेक्षक निर्दोष सुटतो आणि सुखाने झोपी जातो.

ही तुलना अन्यायाची वाटू नये, म्हणून विडंबनाचीच आपल्या मातीतली परंपरा पाहू. कुडाळ तालुक्यातील वालावल हे गाव लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी आणि त्यालगतच्या तळ्यासाठी प्रसिद्ध आहे. दशावताराची सुरुवात गोरे नावाच्या ब्राह्मणाने याच गावात केली, अशी एक लोकसमजूत आहे. वालावलकर या नावाने चालत आलेली मंडळी जुन्या दशावतारी कंपन्यांत गणली जाते. दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, संकासुर प्रवेश करतो. काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा आणि ओठी अस्सल मालवणी. बाकीची पात्रे संस्कृतप्रचुर मराठी बोलत असताना हा वेद चोरणारा असुर गावच्या भाषेत गावच्या भानगडी बोलतो. त्याचे संवाद लिहिलेले नसतात. ज्या देवळापुढे खेळ, त्या गावचा सरपंच, त्या गावचा सावकार, त्या गावची अपुरी पाखाडी त्याच्या बोलण्यात येते.

संकासुराच्या या स्वातंत्र्याला दोन अटी आहेत. ज्याची टोपी उडवायची, तो समोरच बसलेला असतो आणि उठून उत्तर देऊ शकतो, ही पहिली. दुसरी अट अधिक खोल आहे. संकासुर स्वतः चोर आहे. इतरांचे दोष काढणारा हा सज्जन म्हणून मंचावर येत नाही, आणि शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध ठरलेला असतो. थट्टा करणाऱ्यालाही शासन आहे, हे सत्य आपल्या अनाम पूर्वजांनी नाटकाच्या रचनेतच गोवून ठेवले.

आपल्या ख्रिस्ती वाचकांस याचे दुसरे उदाहरण तियात्राचे देता येईल. १८९२ साली मुंबईत ‘इटालियन भुर्गो’ या खेळाने सुरू झालेल्या या कोंकणी नाट्यप्रकारात प्रवेशांच्या मध्ये कांतारां गायिली जातात. कथानकाशी संबंध नसलेल्या या गाण्यांतून राजकारण्यांची हजेरी घेतली जाते. गायक तेथे आपल्या चेहऱ्याने, आपल्या नावाने उभा असतो. आवडले तर प्रेक्षक पुन्हा म्हणायला लावतो. न आवडले तर तेही त्याच रात्री कळते. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’चेही तेच. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेल्या या नाटकात गाव महाभारतातला प्रसंग करू पाहतो आणि स्वतःचेच वस्त्रहरण करून घेतो. मालवणी माणूस त्यात स्वतःला हसला, म्हणूनच त्याला इतरांना हसण्याचा अधिकार मिळाला.

मग दूरचित्रवाणीला हे मुळातच अशक्य आहे काय? तसे नाही. जसपाल भट्टी यांच्या ‘फ्लॉप शो’ने १९८९ साली सरकारी दूरदर्शनवरून सरकारी कारभाराची टर उडविली. त्याच मालिकेत दूरचित्रवाणी मालिका काढणाऱ्यांचीही खिल्ली होती आणि श्रेयनामावलीत स्वतःचीही. ज्या घरात राहायचे, त्या घराचे वासे मोजण्याचे धैर्य तेथे होते. पुढे, २००७-०८च्या सुमारास, मराठी वृत्तवाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या आणि ओरडणारा निवेदक, धावणारा बातमीदार हे विडंबनाचे हुकमी विषय झाले. परंतु निवेदकाचा आवाज काढणे सोपे. तो का ओरडतो, त्या ओरडण्याची किंमत कोणता जाहिरातदार मोजतो, हे विचारणे अवघड. कारण तोच जाहिरातदार विनोदी कार्यक्रमाचाही पोशिंदा असतो. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये चित्रपटांच्या प्रसिद्धीसाठी आलेले कलावंत आपलीच नक्कल पाहून खळखळून हसत. त्यात निर्मळ आनंद होता, हे खरे. पण ज्याची थट्टा होते तो पाहुणा आणि थट्टा करणारा यजमान, असे नाते जुळले की थट्टेची धार पाहुणचारात बोथट होते.

नक्कल आणि विडंबन यांतील हा भेद आपल्या किनाऱ्यावरील एका घटनेने स्पष्ट होईल. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असे त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. नकलाकार येथे मुख्यमंत्र्यांचा स्वर उचलील, विरोधकांचा आवेश उचलील, किल्ल्यावर जमलेल्या कॅमेऱ्यांची झुंबड दाखवील. संकासुर मात्र एवढेच विचारील की, हा वारा मालवणच्या रापणकरांना दर पावसाळ्यात भेटतो, तो पुतळा उभारणाऱ्यांना कसा ठाऊक नव्हता? आणि मग प्रेक्षकांकडे वळून म्हणेल, अनावरणाच्या दिवशी टाळ्या वाजवताना तुम्ही तरी कोणी पाया पाहिलात काय? पहिल्या प्रश्नाला हशा मिळेल. दुसऱ्या प्रश्नानंतर जी क्षणभर शांतता पसरेल, ती विडंबनाची खरी मिळकत होय.

आज आडदशावताराचा भाग अनेक ठिकाणी आटोपता घेतला जातो आणि संकासुराच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. त्याची जागा दूरचित्रवाणीने भरून काढली, असे समाधान कोणी मानू नये. ‘घडलंय बिघडलंय’ने मालवणी गाऱ्हाण्याला महाराष्ट्रभर श्रोते मिळवून दिले, हे त्याचे यश. त्या श्रोत्यांना गाव करता आले नाही, ही त्याची मर्यादा. यापुढे जो कोणी हा घाट हाती घेईल, त्याने पुढाऱ्यांच्या चुका अवश्य मोजाव्यात. पण त्या यादीत आपल्या वाहिनीचे, आपल्या प्रायोजकाचे आणि आपल्या प्रेक्षकाचेही नाव घालावे. त्या यादीला ज्या दिवशी प्रेक्षक ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल, त्या दिवशी ते गाऱ्हाणे पुरे झाले असे म्हणता येईल.