छत्रीतली छत्री

मे महिन्यात इंग्लंडमधल्या खेड्यांकडच्या अरुंद रस्त्यांना दोन्ही कडांनी पांढरा फेस येतो. ही काऊ पार्सली. गाडीतून तेवढेच दिसते आणि बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. नावातल्या ‘काऊ’चा गायीशी फारसा संबंध नाही, आपण रानतुळस म्हणताना ‘रान’ लावतो, त्यातलाच तो प्रकार. खायच्या पार्सलीपेक्षा उणी, एवढेच सुचवायचे. मला हे नाव नेहमीच कोते वाटत आले आहे.

गाडी थांबवून एक दांडा जवळ ओढावा. शेंड्याच्या एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्या फुटाव्यात तशा काड्या फुटतात, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक इवलीशी छत्री. आपल्या वनस्पतिशास्त्रात या फुलोऱ्याला ‘संयुक्त चामरकल्प’ म्हणतात. छत्री हाताशी असताना ज्याला देवावर ढाळायची चवरी आठवली, त्याने हा फुलोरा वाऱ्यात डोलताना नक्की पाहिला असणार.

आता तो उलटा करून बघा. मोठ्या छत्रीच्या काड्या जिथे मिळतात ती जागा उघडी; छोट्या छत्र्यांखाली मात्र झालरीच्या कडांची चिमुकली पाने, खाली वळलेली. वरच्या बाजूला कडेच्या फुलांकडे लक्ष द्यावे. त्यांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांहून किंचित मोठ्या असतात. हीच युक्ती कुंडीत फुलावर आलेल्या कोथिंबिरीत ठसठशीत दिसते: बाहेरच्या पाकळ्या चांगल्या ऐसपैस, आतल्या नावापुरत्या, म्हणजे सगळा झुपका मिळून एकच फूल भासतो. काऊ पार्सली ही हातचलाखी अर्ध्यावर सोडते. मला तिचा हा संयमच जास्त आवडतो.

दांड्यावरून बोट फिरवले की खाचा लागतात, बारीक लव लागते; आतून तो पोकळ. ही लव विसरू नये. याच रस्त्यांवर हेमलॉकही उगवतो. पाने तशीच जाळीदार, पण दांडा गुळगुळीत आणि त्यावर जांभळे डाग. इ.स.पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसला प्यायला दिले ते याचेच विष, असे मानतात. धने, जिरे, ओवा, शेपू हे सगळे याच घराण्यातले. मसाल्याच्या डब्याचे हे भाऊबंद! त्यामुळे पक्की ओळख पटेपर्यंत यातले काही तोंडात घालायचे नाही.

फळ मात्र घरबसल्या वाचता येते. काऊ पार्सलीचे फळ काळपट, सडपातळ, तुकतुकीत. पिकले की उभे दुभंगते आणि दोन्ही अर्धे केसाएवढ्या दुबेळक्या काडीला लोंबत राहतात. जेवणानंतरच्या बडीशेपेत देठासकट आलेला एखादा दाणा नखाने उकला, तीच काडी सापडेल. धणे हट्टी, ते चिमटीत रगडल्याशिवाय आपली दोन शकले सोडत नाहीत.

जून सरता सरता ही ओसरते. तोवर रफ चर्व्हिल फुललेली असते, तिच्यामागून जुलैत हेज पार्सली. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही छत्र्यांच्या. गाडीतल्या माणसाला वाटते, काय टिकाऊ फूल आहे!