धांवपटूला काय विचारावें ?

मुलाखत हा साहित्यप्रकार आपल्याकडे अद्यापि दुय्यम मानला जातो. त्यांतहि खेळाडूंच्या मुलाखतींची स्थिति विशेष हलाखीची. पदक मिळालें कीं चार ठराविक प्रश्न, चार ठराविक उत्तरें आणि एक छायाचित्र. एवढ्यावर संवाद आटोपतो. हा दोष केवळ वृत्तपत्री घाईचा नव्हे. खेळ हा एक व्यवसाय आहे व त्याला स्वतःची विद्या आहे, हेंच आपण मनापासून मानलेलें नाहीं.

इंग्लंडांत फुटबॉलच्या लेखकांनीं तें फार पूर्वीं मानलें. आर्थर हॉपक्राफ्ट ह्यांचें ‘द फुटबॉल मॅन’ हें पुस्तक १९६८ सालीं निघालें. त्यांत खेळाडू, संघाचा व्यवस्थापक, पंच, प्रेक्षक ह्यांवर निरनिराळीं प्रकरणें आहेत. म्हणजे एका सामन्यामागें किती माणसांचें आयुष्य गुंतलेलें असतें, तें वाचकास कळतें. १९७२ सालच्या ‘द ग्लोरी गेम’साठीं हंटर डेव्हिस हे टॉटनहॅम संघाच्या सहवासांत एक संबंध हंगाम राहिले. खेळाडूला बोलतें करावयाचें, तर आधीं त्याच्याजवळ बसावें लागतें, हा धडा ह्या पुस्तकांनीं दिला.

आमच्या बीड जिल्ह्याची कीर्ति फुटबॉलमुळें झालेली नाहीं. ती एका धांवपटूनें केली. आष्टी तालुक्यांतील मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणीं शाळेसाठीं सहा किलोमीटर अंतर तुडवीत. बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्यें गेले. सियाचीनचा बर्फ व राजस्थानचें वाळवंट दोन्ही त्यांनीं अनुभवलीं. एवढी हकीकत आतां कोणासहि सांगतां येईल, कारण प्रत्येक मुलाखतकार येथूनच आरंभ करतो आणि बहुधा येथेंच थांबतो.

माझा एक विद्यार्थी सैन्यभरतीसाठीं पहांटे रस्त्यावर धांवतो. साबळ्यांविषयींचीं कात्रणें त्यानें एका वहींत चिकटविलीं आहेत. ती वही मला दाखवितांना तो म्हणाला, “सर, एवढें अंतर तर आम्हीहि चाललों. मग पुढें त्यांनीं काय केलें ?” वही मीं पुनःपुन्हा चाळली. त्याच्या प्रश्नाचें उत्तर तींत नव्हतें.

उत्तर असावयास हवें होतें. साबळ्यांच्या तीन हजार मीटरांच्या शर्यतींत अठ्ठावीस अडथळे व सात पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांसाठीं अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, पाय लागला तर तो अडथळा पडत नाहीं, माणूस पडतो. दमलेल्या पायानें हें अंतर जोखावयाचें कसें ? २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. केनियाचे अब्राहम किबिवोट अवघ्या पांच शतांश सेकंदांनीं पुढें राहिले. तो निसटता क्षण त्यांनीं मनांत किती वेळां पुन्हा धांवून पाहिला असेल ? २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत ते आघाडीवर राहून जिंकले. पाठलाग करणें व पुढें राहणें ह्या दोहोंस एकच मन पुरतें काय ? २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठून ते अकरावे आले. पराभूत खेळाडूजवळ विजेत्यापेक्षां सांगण्यासारखें अधिक असतें. पण त्याच्याकडे त्या दिवशीं कोण जातो?

गुरूंचेंहि तेंच. अमरीश कुमार, निकोलाय स्नेसारेव्ह, स्कॉट सिमन्स ह्या प्रशिक्षकांचीं नांवें बातमीच्या तळाशीं येतात. सैन्यांतील एका जवानांत कोणाला काय दिसलें, कोणती संवय मोडावी लागली, ह्याविषयीं त्यांनाच विचारावयास हवें होतें. फुटबॉलच्या व्यवस्थापकाला जें स्थान इंग्रज लेखकांनीं दिलें, तें आपण प्रशिक्षकास देऊं नये काय ?

गरिबीचा उल्लेख टाळावा, असें माझें म्हणणें नाहीं. ती खरी आहे, आणि ऊंसतोडीसाठीं दरवर्षीं घरें सोडणाऱ्या ह्या जिल्ह्यांत तिचें विस्मरण होणें शक्यहि नाहीं. परंतु कष्टाची कथा वाचून मुलगा भारावतो. विद्येची कथा वाचून तो शिकतो. कष्ट पुरेसे असते, तर आमच्या जिल्ह्यांत घरोघर पदकें दिसलीं असतीं. केवळ हालांचें वर्णन करणारा लेखक नकळत मुलांस खोटें सांगतो कीं, सोसलें म्हणजे झालें.

असा संवाद सोपा नाहीं. आपल्या खेड्यांतील माणूस स्वतःच्या करामतीविषयीं बोलण्यास संकोचतो, आणि तो संकोच जाणकारापुढेंच सुटतो. म्हणून मुलाखतकारानें आधीं तो खेळ शिकावा, आठवडाभर मैदानावर बसावें, मग तोंड उघडावें. तसा एक दीर्घ संवाद मराठींत सिद्ध झाला, तर त्या मुलाच्या वहींत चिकटविण्याजोगें पहिलें पान त्याला मिळेल.