एका कंठातील बावन्न माणसे

‘नकलाकार’ हा शब्द आपल्याकडे अजूनही काहीशा उपेक्षेनेच उच्चारला जातो. स्नेहसंमेलनात यावे, पाचसहा प्रसिद्ध व्यक्तींचे आवाज काढावेत आणि टाळ्या घेऊन जावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाकडेही पुष्कळांनी याच दृष्टीने पाहिले. हा त्या प्रयोगावर अन्याय होय.

देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापक होते. १९७९ साली त्यांनी हा प्रयोग प्रथम रंगभूमीवर आणला. मराठवाड्यातील एका खेड्याचे वऱ्हाड विमानाने थेट लंडनला लग्नासाठी जाते, एवढेच कथानक. वेषांतराचा आधार न घेता सुमारे तीन तास एकट्याने बावन्न पात्रे उभी करावयाची, हे त्यातील साहस. गिनीज बुकानेही या विक्रमाची नोंद घेतली. तथापि संख्येचे कौतुक हे कलेचे मूल्यमापन नव्हे.

पुढाऱ्याची नक्कल ऐकताना श्रोता मूळ आवाजाशी तुलना करीत असतो. साम्य पटले की काम झाले. येथे मूळ माणूस श्रोत्याने कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून आवाजाला स्वतःशीच इमान राखावे लागते. श्वास कोठे घ्यावा, शब्द कोठे अडखळावा, राग कोणत्या पट्टीत चढावा, हे प्रत्येक पात्रापुरते ठरलेले हवे; तरच अर्ध्या तासाने परतलेला माणूस नाव न घेता ओळखू येतो. देशपांड्यांना हे साधले होते. म्हणूनच त्यांचे काम नकलेपेक्षा नाटककाराच्या कामाला अधिक जवळचे आहे.

पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर उभी केली. परंतु ते जग मुंबईच्या पांढरपेशा मध्यमवर्गाचे होते. नाटकात दीर्घकाळ गड्याच्या किंवा विदूषकाच्या वाट्याला आलेली ग्रामीण बोली येथे वडीलधाऱ्यांची, यजमानांची, मानापमानाची भाषा झाली. बदलीच्या गावी राहून ज्यांची मराठी कार्यालयीन झाली आहे, त्यांना घरच्या बोलीचे हे वैभव विशेष जाणवावे.

प्रयोगात दोष नाहीत असे नव्हे. विमानप्रवासातील विनोदाचा बराचसा भाग खेडुतांच्या अज्ञानावर पोसलेला आहे, आणि शहरी प्रेक्षक तेथे थोडा अधिकच मोकळेपणाने हसतो. परंतु परमुलखातही आपला रुसवा, आपला मान आणि आपला आग्रह सोबत नेणारी ही माणसे शेवटी केविलवाणी वाटत नाहीत. हे श्रेय त्यांच्याकडे तुच्छतेने न पाहणाऱ्या त्या आवाजाचे आहे.

देशपांड्यांच्या निधनानंतर अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. केवळ नक्कल असती तर ती नकलाकाराबरोबरच संपली असती. दुसऱ्या कंठातून ती बावन्न माणसे पुन्हा बोलू लागली, यातच त्या संहितेच्या नाट्यगुणाची साक्ष आहे.